दोन कोटी एक लाख बासष्ट हजार एक्क्याऐंशी

२७ जुलै १९८६, रविवार. पांढुर्णा

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू:

सागवानी फळी एक. सदुसष्ट ओळी, ओळीत सदुसष्ट भोकं, एकूण चार हजार चारशे एकोणनव्वद. मूळ संख्या चाळून काढण्यासाठी. कापसातली सरकी काढायच्या रेच्याच्या सत्तेचाळीस दातांच्या चाकाचा लाकडी साचा. शेवयांचं यंत्र, पितळी जाळीसकट; घरात अजून चालू आहे. ही तीन कामं दोन्ही हातांची. पुढची डाव्या एकट्याची: संत्री तोडायची तीन पायांची शिडी, अकरा नग, त्यातल्या सात बोरगावात अजून उभ्या आहेत. एक ते पाच हजारांच्या वर्गांचा तक्ता. डाव्या मुठीत बसेल असा टाक. स्वतःचं अक्षर.

ही यादी दादाराव ठवकरांसाठी. ते नागपूरचे प्रकाशक, शाळेच्या मुलांसाठी गणिताच्या गमतीची पुस्तकं काढतात. त्यांनी लेखकाचा परिचय मागवला आहे. शिक्षण सातवी पास, एवढंच लिहिलं तर अर्धी ओळही भरत नाही. म्हणून यादी.

पुस्तक एकाच संख्येवर आहे. २,०१,६२,०८१. ती मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कोणीच भागू शकत नाही. हे मी आणि सौंसरच्या भगवंतरावनं मिळून सिद्ध केलं, कागद आणि टाकावर, यंत्राशिवाय. मानधन एक हजार एक रुपये ठरलं आहे. पुस्तक लिहून होईपर्यंत ही डायरीही लिहायची असं ठरवलं. कच्चं काम इथे, पक्कं तिथे.

माझी बायको पंचफुला दारातून म्हणाली, "काय म्हणते तुमची दोन कोटीवाली?"

म्हटलं, "पुस्तक निघून राहिलं तिच्यावर."

"माझ्यावर नाही निघालं ते कधी."

"तुझे गुणधर्म मोजायला घेतले तर छपाई महाग पडेल."

"बरं, जेवाले चाला. भाकर गार झाली तं तिचेबी गुणधर्म बदलतात."

३० जुलै, बुधवार

आज पहिलं प्रकरण लिहिलं. संख्येचा जन्म.

आमच्या कापसाच्या जिनात वाफेचं इंजिन होतं. मी तिथे फिटर. १९५८ च्या हंगामाआधी मालकांनी त्याच्या दांड्याला फेरे मोजायचं यंत्र बसवलं. पितळी डबी, काचेआड आठ आकडे. एक फेरा, एक आकडा पुढे. चार हंगाम ते फिरलं. मग वीज आली आणि २४ मार्च १९६२ ला, शनिवारी, इंजिन कायमचं थांबवलं. नारळ फुटला, मालकांनी गुलाल लावला. शेवटचा वाफेचा सुस्कारा सुटला आणि जिनात इतकी शांतता झाली, की बाहेरच्या कापसाच्या गाड्यांचे बैल घंटा हलवत होते ते ऐकू आलं. इतकी वर्षं त्या घंटा तिथेच होत्या, कोणाला माहीत नव्हत्या.

काचेत २०१६२०८१. मिनिटाला सत्तर फेरे धरले तर चार हजार आठशे तास, वर एकोणतीस मिनिटं आणि जवळपास चव्वेचाळीस सेकंद.

भगवंतराव तेव्हा पांढुर्ण्याच्या डाकघरात बाबू होता. मालकांची तार घेऊन आला होता, तो थांबला. मनिऑर्डरच्या फॉर्मच्या मागे त्यानं आकडा उतरवून घेतला आणि म्हणाला, "नत्थू, आता हा वाढणार नाही आणि कमीही होणार नाही. याला कोणी भागतो का पाहू या?"

इंजिन थांबलं म्हणून मला रडू येत होतं. त्यानं भागाकार काढला. तो माणूस तसाच.

२ ऑगस्ट, शनिवार

मूळ संख्यांचा नाद मला चाकांनी लावला, शाळेनं नाही. दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात. एकाला वीस दात आणि दुसऱ्याला चाळीस असले, तर लहान चाकाचा तोच दात मोठ्याच्या त्याच दोन दातांवर जन्मभर आदळतो आणि ते तेवढेच झिजतात. एकाचे दात मूळ संख्येइतके ठेवले, सत्तेचाळीस म्हणा, की प्रत्येक दात दुसऱ्या चाकाच्या प्रत्येक दाताला भेटून येतो. झीज सगळ्यांना सारखी वाटली जाते. हे मला जुन्या मिस्त्रीनं सांगितलं. का, ते मी स्वतः शोधलं.

आमच्या संख्येला ४४९० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं. त्यापुढचा कोणी भागत असेल तर त्याचा जोडीदार ४४९० च्या आत सापडलाच पाहिजे. फळीवर चाळून अशा सहाशे नऊ निघाल्या. दोन आणि पाच नुसत्या नजरेनं गेल्या, उरल्या सहाशे सात. जूनमध्ये भगवंतरावची बदली सौंसरला झाली, तेव्हा वाटणी केली. शेवटी १ किंवा ३ असलेल्या माझ्या, ७ किंवा ९ असलेल्या त्याच्या. दर आठवड्याला कार्ड टाकायचं. भाग गेला नाही तर संख्या लिहून पुढे फक्त "नाही".

त्याची कार्डं अजून पेटीत आहेत. तेव्हाचं टपाल काय होतं! सोमवारी टाकलेलं कार्ड मंगळवारी हातात. मी रेच्याला तेल देता देता वाचायचो. "१३६७ नाही. १३९९ नाही. संत्री पाठव."

११ डिसेंबर १९६२ ला, भर हंगामात, माझा उजवा हात रेच्याच्या त्याच सत्तेचाळीस दातांच्या चाकात गेला. तीन बोटं आणि चौथ्याचं एक पेर. मी २२२१ वर थांबलो होतो. जानेवारीपासून डाव्या हातानं पुढे सुरू केलं आणि १९६३ च्या ११ ऑगस्टला शेवटची, ४४८३, संपवली. हात गेल्यावर एकशे छत्तीस भागाकार. डाव्या हातानं लिहायला मला कोणी शिकवलं नाही, हे पुस्तकात ठळक यायला हवं.

पंधरा ऑगस्टला भगवंतराव पेढे घेऊन आला. हात गेल्यावर मी काढलेल्या नव्या लेथच्या दुकानाच्या दारावर आकडा रंगवत होतो. तो बराच वेळ मागे उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "नत्थू, एक सांगायचं होतं." तितक्यात सौंसरची बस लागली. म्हटलं, पत्रात लिही. पुढच्या पत्रात संत्र्यांबद्दलच होतं.

दोन वर्षं झाली त्याला जाऊन. पुस्तकावर दोघांचं नाव टाकायचं ठरवलं आहे. त्याचं खाली, थोड्या लहान अक्षरात. कल्पना माझ्या चाकांची होती.

९ ऑगस्ट, शनिवार

दादारावांचं पत्र. नमुन्यादाखल पाठवलेली माझी वही त्यांनी एका प्राध्यापकांना दाखवली. प्राध्यापकांना "संख्येचे गुणधर्म" हे प्रकरण आवडलं: विषम आहे, अंकांची बेरीज वीस, चारनं भागल्यावर एक उरतो, उलटी लिहिली तर सम होते, म्हणून उलटी मूळ नाही. आणि दोन वर्गांची बेरीज आहे. ४४२० चा वर्ग अधिक ७९१ चा वर्ग. ही जोडी मी १९७१ मध्ये शोधली होती. ४४९० पासून एकेक खाली येत वर्ग वजा करायचा आणि उरलेली रक्कम वर्ग आहे का पाहायची. एकाहत्तराव्या पायरीला सापडली आणि मी थांबलो.

प्राध्यापक लिहितात की चारनं भागून एक उरणारी संख्या मूळ असेल तर तिची अशी जोडी असते आणि एकच असते. "दुसरी जोडी नाही हे आपण तपासलेच असेल; तसे एक वाक्य घालावे."

मला हा नियम ठाऊक नव्हता. फार देखणा नियम आहे. एक संख्या, एक जोडी. वाक्य घालायला हरकत नाही. पण मी न तपासता वाक्य लिहीत नाही. ४४१९ पासून ३१७६ पर्यंत उतरायचं. त्याच्या खाली तेच दोन आकडे उलटे येणार. आजपासून.

१४ ऑगस्ट, गुरुवार

४०६० पर्यंत आलो. काही नाही. शेवटच्या अंकावरूनच बऱ्याच गळतात. २, ३, ७, ८ वर कुठलाच वर्ग संपत नाही. दुकानात मोहगावच्या पंपाचा शाफ्ट आला आहे, तो दुपारी. सकाळी हे.

वर्गांचा तक्ता आज इतक्या दिवसांनी काढला. पहिल्या पानांवरची अक्षरं फार चांगली आहेत. माझीच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

३५८४.

त्याचा वर्ग १,२८,४५,०५६. वजा केला. उरले ७३,१७,०२५. शेवटी पंचवीस दिसले आणि तक्ता मिटला, कारण पाचावर संपणाऱ्याचा वर्ग मला तक्ता न बघता येतो. २७० गुणिले २७१ म्हणजे ७३,१७०, पुढे २५. म्हणजे २७०५ चा वर्ग.

तीन वेळा केलं. दुसरी जोडी आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नियम खरा असेल तर आमची संख्या मूळ नाही. नियम खोटा आहे का, हे बघायला लहान संख्या घेतल्या. ६५: आठ आणि एक, सात आणि चार. दोन जोड्या, आणि पासष्ट म्हणजे पाच तेरं. ८५, तेच. मग चारनं भागून एक उरणाऱ्या साठ मूळ संख्या पाहिल्या. सगळ्यांना एकच जोडी. नियम खरा दिसतो.

म्हणजे सहाशे सात भागाकारांत एक चुकला आहे. तेवीस वर्षं आकडा दुकानाच्या दारावर आहे. गावातली निम्मी माणसं त्याला माझा फोन नंबर समजतात, ती सोडा. उरलेल्यांना मी काय सांगितलं आहे ते मला माहीत आहे.

चूक माझ्या वाट्यात असेल की त्याच्या? माझी अक्षरं नवी होती, पण माझा भागाकार कधी चुकत नाही. तरीही आधी माझे तपासायचे. मग त्याच्याकडे बोट दाखवायचं.

पंचफुला म्हणाली, "दोन दिवस झाले, तुम्ही भाजीत मीठ नाही हेबी नाही बोलले. नव्हतं."

तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग दारावरचा आकडा पुसता काय?"

"पुसायचा काहून? इंजिन तेवढंच फिरलं होतं."

६ सप्टेंबर, शनिवार

माझ्या वाट्याचे सगळे भागाकार पुन्हा केले. पंधरा दिवस लागले. एकही चुकीचा नाही.

कबूल करतो, बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. चूक भगवंतरावची आहे. आता त्याचे तीनशेच्या वर भागाकार मी पुन्हा करू शकतो, आणखी पंधरा दिवसांचं काम. पण मला त्याची वही पाहायची आहे. कुठे चुकला, हातचा विसरला की अंक पडला, ते कळलं पाहिजे. इतका व्यवस्थित माणूस होता. तिकिटं चिकटवायचा तीसुद्धा काटकोनात.

पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीच्या जत्रेमुळे, गोटमारीमुळे, बस नव्हती. आजपासून सुरू. उद्या सौंसर.

७ सप्टेंबर, रविवार

आठची बस, पावणेदहाला सौंसर. देवकावहिनी अंगणात मूग निवडत होत्या. भगवंतराव गेल्यावर मी तिथे एकदाच गेलो होतो, तेराव्याला. सायकल अजून त्याच भिंतीला आहे. चाकात हवा भरलेली आहे. कोण भरतं, विचारलं नाही.

म्हटलं, "वहिनी, भगवंतरावची एक भागाकारांची वही होती."

त्या हात पुसत उठल्या. "हाय ना, नत्थूभाऊ. यायनं सांगून ठेवलं होतं, नत्थू सोता मागाले आला तं देजो. कोणाच्या हाती पाठवजो नोको. अन् नाही मागितली तं तशीच राहू देजो."

"असं म्हणाला?"

"शेवटल्या दिवाळीत म्हणाले. मी म्हटलं, वहीच ते हाय, एवढं काय. तं म्हणे, नत्थू हिशेबाचा पक्का हाय, एखाद दिवशी येईल."

वही टपालाच्या पिशवीच्या कापडात बांधलेली. बस अडीचला होती. तिथेच ओट्यावर बसून उघडली. वहिनींनी गुळाचा चहा दिला, तो तसाच राहिला.

सुरुवात ७ पासून. एकेका पानावर दोन भागाकार, लाल रेघ, तारीख, बाकी चौकटीत. बाराशे, पंधराशे, एकोणीसशे. मी प्रत्येक पान बोट ठेवून तपासत गेलो. चूक नाही. २१७९, चूक नाही. २२०७, चूक नाही.

मग २७ डिसेंबर १९६२. भाजक २२३७. भागाकार ९०१३. चौकटीत शून्य.

चूक नाही. त्याला तो भेटला होता.

पुढच्या पानांवर भागाकारच नाहीत. त्यानं माझी कार्डं चिकटवली आहेत.

८ सप्टेंबर, सोमवार

दुकान उघडलं नाही. पेटीतून त्याचं कार्ड काढलं. तारीख २९ डिसेंबर १९६२. दोन दिवसांनंतरची. जसंच्या तसं उतरवतो:

"चि. नत्थू, २२३७ नाही. २२३९ नाही. तुझे २२४३ आणि २२५१ राहिले आहेत. डाव्या हाताने होत असतील तर कर. घाई नाही, पण कर. मी पुढे जात नाही, तुझी वाट पाहतो."

खोटं आहे. शून्य समोर असताना "नाही" लिहिलं.

बरं, आणि ९०१३ ही स्वतः मूळ आहे. चोवीस भागाकारांत कळलं. म्हणजे आमची संख्या फक्त दोघांची, २२३७ आणि ९०१३ यांची. तिला दुसरं कोणी भागूच शकत नव्हतं. हे त्याला त्याच दिवशी समजलं असणार. त्यानंतर त्यानं मला एकशे एकेचाळीस वेळा "नाही" लिहिलं, एकही भागाकार न करता. आणि मी इथे एकशे छत्तीस भागाकार केले. एकेक भागाकाराला सुरुवातीला दोन-दोन दिवस. पाटी मांडीवर, पाटीला उजव्या कोपरानं दाबून. ते सगळे फुकट.

हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर त्याची ती एकशे एकेचाळीस वाक्यं खरी आहेत. त्या संख्यांनी भाग जातच नाही. खोटं एकच. पण पहिलंच.

जिवंत असता तर पहिल्या बसनं जाऊन विचारलं असतं. तेवीस वर्षं मला मूर्ख ठेवलास का?

१० सप्टेंबर, बुधवार

पंचफुलाला दोन्ही दाखवलं. वहीचं पान आणि कार्ड. तिला भागाकार कळत नाही, पण शून्य कळतं. कार्डाची तारीख तिनं दोनदा वाचायला लावली.

"एकोणतीस डिसेंबर. तुम्हाले नागपूरच्या दवाखान्यातून आणून आठ दिवस झाले होते."

"असतील."

"असतील नाही, झाले होते. हे कार्ड मीच वाचून दाखवलं होतं. तुम्ही भिताडाकडं तोंड करून पडून राहत होते. भाकर तोडून तोंडात द्या लागे. धोतराची गाठ मी मारो. आठवते?"

"थोडं."

"मले सगळं आठवते. मीच भगवंतभाऊले निरोप धाडला होता, बसच्या कंडक्टरच्या हाती. का हा माणूस उठून नाही राहिला, याले काही तरी कामाले लावा."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, त्याचा भागाकाराशी काय संबंध? भाग गेला होता तर "गेला" असं लिहायचं. भागाकार संपला असता.

ती म्हणाली, "हो जी. संपला असता." आणि चहा ठेवायला गेली.

१५ सप्टेंबर, सोमवार

वहीचा उरलेला भाग आज नीट वाचला. बत्तीस कार्डं, तारखेच्या क्रमानं, कोपऱ्यांना खळ. चांगला कागद वाया घालवला असं आधी वाटलं होतं. प्रत्येक कार्डाखाली त्यानं बारीक अक्षरात शेरा मारला आहे.

पहिलं कार्ड. "२२४३ नाही." अक्षरं झुरळं चिरडल्यासारखी. शेरा: "४ जाने. ६३. पत्ता मी ओळखला. पोस्टमनला वाचता आला नाही."

"१९ फेब्रु. ओळ सरळ आली. आकडे अजून पडतात."

"३० मार्च. पोस्टमनने न विचारता आणून दिले."

"२४ मे. पहिल्यांदाच चार ओळी जास्त लिहिल्या. पंचफुलावहिनीशी भांडल्याचे कळवतो. छान."

"१३ ऑगस्ट. ४४८३. अक्षर उजव्या हातापेक्षा बरे."

शेवटच्या शेऱ्याखाली शाईचा डाग आहे. त्याच्या वहीतला हा एकच डाग.

टपालखात्याच्या माणसाला पत्ते वाचता येतात की नाही याची नोंद ठेवायची सवय असणार. असं मी दुपारी स्वतःशी म्हटलं. मग लेथवर बसलो आणि शाफ्टचं माप तीनदा चुकलो.

उजव्यापेक्षा बरं, हे मात्र खरं आहे. मी जुन्या हिशेबाच्या चोपडीशी ताडून पाहिलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

दादारावांना कळवलं. संख्या मूळ नाही, २२३७ गुणिले ९०१३ आहे, सबब पुस्तक मागे घेतो. झालेला टपालखर्च कळवावा. कार्डाचं आणि वहीचंही लिहिलं, कारण अर्धवट सांगणं मला जमत नाही. आता वाटतं, तेवढं लिहायला नको होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

दादाराव स्वतः आले. नागपूरहून येणाऱ्या गाडीनं, धुतलेला सदरा, हातात बर्फीचा पुडा. मला वाटलं रागावले असतील. ते तर खुशीत.

"नत्थूजी, अहो संख्या मूळ असती तर पुस्तक शंभर मास्तरांनी घेतलं असतं. आता हजार घरांत जाईल! नाव ठरवलंय मी. 'तेवीस वर्षांची चूक'. जिनातला मिस्त्री, सातवी शिकलेला, डाव्या हातानं लिहिणारा, तो शिकल्यासवरल्या पोस्टबाबूची चूक पकडतो. एका पानावर ते शून्य, समोरच्या पानावर ते कार्ड. दोन्हीचे फोटो."

"भगवंतरावचं नाव?"

"नाव तर हवंच. नाहीतर चूक कोणाची?"

पंचफुला पाण्याचा तांब्या ठेवायला आली होती, ती तिथेच उभी राहिली.

मी म्हटलं, "दादाराव, त्यानं चूक केली नाही. त्याचा भागाकार मी तीन वेळा तपासला. बरोबर आहे. चूक नसताना चूक म्हणून छापायची कशी?"

"मग खोटं कार्ड लिहिलं काहून त्यानं?"

मला उत्तर देता येत नव्हतं असं नाही. तेरा दिवसांपासून ते माझ्यापाशी आहे; पण ते शब्दात घातलं की वाकडं होतं, माप सुटल्यासारखं. मी म्हटलं, "ते कार्ड मला आलेलं आहे. घरचं आहे."

"कार्ड उघडंच असतं, नत्थूजी. कोणीही वाचतं."

"डाकघरातली माणसं नाही वाचत," मी म्हटलं. "तो नव्हता वाचत."

ते हसले. त्यांनी रक्कम वाढवली, ती सांगितली, पुन्हा वाढवली. शेवटी निम्मी रक्कम आगाऊ म्हणून पाकीट काढून सतरंजीवर ठेवलं. म्हणाले, "घाई नाही. विचार करा. देवकाबाईंनाही काही देऊ."

पाकीट मी त्यांच्या हातात परत दिलं, तेव्हा त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि फोटो याचाही घेऊ असं म्हणाले. पंचफुला म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी चारची हाय. टेशन लांब हाय." टेशन दहा मिनिटांवर आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दुकान बंद. सौंसरला जाऊन वही देवकावहिनींना परत दिली. त्या म्हणाल्या, "ठेवा ना तुमच्यापाशी." म्हटलं, बत्तीस कार्डं मी त्याला पाठवलेली आहेत, पाठवलेलं टपाल परत मागत नाहीत. फक्त २२३७ चं पान मी डाव्या हातानं उतरवून घेतलं, तारखेसकट, चौकटीसकट. मूळ पानासारखं आलं आहे.

त्या विचारत होत्या, वहीत काय होतं एवढं? मी म्हटलं, "वहिनी, तो माझं अक्षर तपासत होता." त्यांना ते पुरलं. सायकलच्या चाकात हवा त्याच भरतात, हे आज कळलं.

येताना मोहगावच्या फाट्यापर्यंत खिडकीजवळ जागा मिळाली. बागांमध्ये संत्री अजून हिरवी आहेत.

५ ऑक्टोबर, रविवार

दादारावांना कार्ड टाकलं. पाकीट नाही, कार्डच. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मजकूर असा:

"रा. रा. दादारावजी यांस, २२३७ ने भाग जातो. भगवंतरावांनी तो २७ डिसेंबर १९६२ रोजी अचूक काढला, माझ्या तेवीस वर्षे आधी. आपले पुस्तक मला लिहिता येणार नाही. त्यांची वही व कार्ड छापण्यास मिळणार नाही. बर्फी चांगली होती. आपला, नत्थूजी कळंबे, फिटर."

नोंदीसाठी: नाकारलेली मागणी, पुस्तक आणि दोन्ही कागदांचे फोटो यांची मिळून. रक्कम रुपये दोन हजार पाचशे एक. ही पण मूळ नाही. एकेचाळीस गुणिले एकसष्ट.